कोरडा चर

साल एकोणीसशे त्र्याऐंशी. त्या वर्षी पाऊस घर सोडायला तयार नसलेल्या पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून बसला होता. त्याच पावसात धाकटी कोळशाच्या खाणीवर तपासणीला आली आणि थोरल्या बहिणीकडे, म्हणजे ताईकडे, उतरली. खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडांचा एक डोंगर होता. तो आणि त्याच्या पायथ्याचे पाण्याचे चर बघून डोंगर आणखी चढवू द्यायचा की नाही, हे तिला ठरवायचं होतं. एरवीच्या तपासनिसाचा पाय मोडला होता. डोंगराची देखरेख ताईच्या नवऱ्याकडे आहे, हे कचेरीत कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. तेवढीच बहिणीची भेट, असं मनात.

सकाळी ताईनं पाण्याचा पेला पुढं केला. वर तेलकट तवंग, खाली तांबडा गाळ, आणि वास कुजक्या अंड्याचा. धाकटीनं पेला हातभर लांब धरला.

"ताई, हे पिता तुम्ही?"

"उकळून. हे म्हणतात, लोह असतं त्यात. रक्त वाढतं."

"मग तू अशी पांढरीफटक का?"

"तुझं आपलं काहीतरीच. लहानपणी शेजारणीचं दूध करपलं तरी तिच्याआधी तुलाच कळायचं!"

दाजी बूट चढवत हसले. "मेहुणीबाई, आज नाक घरीच ठेवून चला."

पहाटेपासून पावसानं जरा उघडीप दिली होती, तरी खाणीचे साहेब छत्री घेऊन वाटच बघत होते. रुमालाला अत्तर इतकं, की दगडांच्या वासात मिसळून दोन्ही नासले होते. पायथ्याचा चर मात्र बघण्यासारखा. झाडून काढलेला, दोन्ही काठांना चुन्याच्या सरळ रेघा. क्षणभर धाकटीला दाजींचं कौतुकच वाटलं.

मग तिच्या लक्षात आलं, की चर कोरडा आहे. आठवडाभर आभाळ फाटलंय, बुटाखाली चिखल पचपचतोय, आणि एवढ्या डोंगराच्या पायथ्याशी पाण्याचा टिपूस नाही.

"पाणी कुठंय?"

"घ्या! पाणी वाहिलं तरी तक्रार, नाही वाहिलं तरी तक्रार," साहेब म्हणाले. बरोबरचे सगळे हसले. दाजी हसले नाहीत.

ती डोंगराच्या माथ्यावर गेली. तिथं कोपरापर्यंत हात जाईल अशी भेग पडली होती आणि वरून भुकटी पसरून ती झाकली होती. खाली येऊन तिनं बघितलं, तर पायथा गालफड सुजल्यासारखा पुढं आला होता. डोंगरात मुरलेलं पाणी चरात यावं म्हणून बसवलेले पाइप शोधत तिनं दगड बाजूला केले. प्रत्येक पाइपाचं तोंड चिकणमातीनं बुजवून वर हात फिरवला होता. बोटांचे ठसेसुद्धा दिसत होते.

"दाजी, हे कुणी केलं?"

दाजी हळूच म्हणाले, "अगं, लालभडक पाणी यायचं. तुला दाखवायचं ते? पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घरातला पसारा कपाटात कोंबतोच ना? तू गेलीस की मोकळं करणारच होतो."

"दाजी, नाक दाबलं की तोंड उघडतं. या डोंगराचं तोंड कुठं उघडेल, बघा."

खाली, थेट समोर, क्वार्टर्सची रांग होती. पहिल्याच खिडकीत ताईची ओली साडी लोंबत होती.

धाकटीनं पहार घेऊन एक तोंड मोकळं केलं. आधी आतून गुरगुर आली, मग जखम फुटावी तसं तांबडं, बुळबुळीत पाणी भसकन बाहेर आलं. तिचे बूट भरले, साहेबांची विजार माखली.

"शी!" रुमाल नाकाशी धरून साहेब मागं सरले.

"हेच पाणी मुरत मुरत या लोकांच्या विहिरीत जातं. तुम्ही कुठलं पिता?"

"आमचं... शहरातून येतं." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "परवानगी अडवलीत तर यांच्यावर शेकेल हं. आमचा काय संबंध?" आणि त्यांनी खुशाल दाजींकडे बोट केलं.

तिला त्या पाण्यापेक्षा त्या बोटाची जास्त किळस आली.

ताईला हे सगळं जेवणाआधीच कळलं होतं. ताट वाढून ती समोर बसली.

"त्यांची नोकरी जाईल. हे घरही जाईल. तू माझ्याकडे आलीस ना गं?"

"तुझ्याकडेच आले, ताई."

"मग एवढं गिळता येत नाही तुला?"

धाकटीनं ताटाशेजारच्या पेल्याकडे बघितलं आणि हात धुतले. दगड टाकणं बंद, सगळे पाइप मोकळे, पाणी उतरेपर्यंत रांग रिकामी, असा हुकूम तिनं तिथंच बसून लिहिला. संध्याकाळी ताईनं गाठोडं बांधता बांधता मान वर न करता सांगितलं, "पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

चर कित्येक दिवस लाल वाहिला. डोंगर हळूहळू खाली बसला, पण पडला नाही. आता त्यावर झुडपं आहेत. न पडलेल्या डोंगराची साक्ष कोण देणार? बहिणीनं बहिणीचं घर उठवलं, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

साहेब बढतीवर दुसऱ्या खाणीत गेले आणि तिथूनच मानानं निवृत्त झाले. दाजींची नोकरी गेली. त्यांनी सायकलदुरुस्तीचं दुकान काढलं. पंक्चरचं भोक बुजवताना ते कधी गप्पा मारत नसत, असं गिऱ्हाइकं सांगत. धाकटीनं आणखी पुष्कळ खाणी पाहिल्या. पेला तोंडाला लावण्याआधी हुंगण्याची सवय मात्र तिला जन्माची लागली.

दाजी गेल्यावर ताई स्वतःहून तिच्याकडे राहायला आली. पहिल्या दिवशी पाणी प्यायली, पेला खाली ठेवला आणि तोंड वाकडं करून म्हणाली,

"याला काही चवच नाही गं."