सावलीत ठेवलेली टाकी

मित्रांनो, मी पाणबुड्याच्या पाठीवरची एक जुनी हवेची टाकी आहे. आज माझा पिवळा रंग उडाला आहे, पण वसईच्या पाचूबंदरात एके काळी मला मान होता. कुणाच्या होडीच्या पंख्यात जाळं अडकलं की माझा पाणबुड्या सेबेस्टियन मला पाठीवर बांधून पाण्यात उतरायचा आणि ते कापून काढायचा. घरी त्याची बायको मार्गारेट मला कॉम्प्रेसरवर पुन्हा भरायची.

एकदा मे महिन्यात मी दुपारभर उन्हात पडले होते. अंग नुसतं भाजत होतं. तेवढ्यात होडी चालवणारा रॉकी तांडेल दुसऱ्या होडीने किनाऱ्याला येऊन धावत आला. पंख्यात जाळं जाऊन त्याची होडी खाडीच्या तोंडाशी अडकली होती. खलाशी होडीवरच होते.

"लवकर भरा! ओहोटी लागलीय, होडी खडकावर जाईल!"

मार्गारेटने मला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तिने मला ओट्याच्या सावलीत आडवं ठेवून ओलं पोतं पांघरलं.

"वैनी, थांबायला वेळ कुठाय?" रॉकी ओरडला.

"तापलेल्या टाकीत हवा फुगते. दाबाचा काटा टाकी भरलेली दाखवतो, अन् गार पान्यात गेली की उतरतो. मग खाली हा श्वास कशाचा घेनार?"

सेबेस्टियन अनवाणी येरझारा घालत होता. तो एवढंच म्हणाला, "थांबू या."

मी निवले, मग भरले आणि आम्ही निघालो.

गढूळ पाण्यात काही दिसत नव्हतं. पंखा सुटला, पण कापलेलं जाळं सेबेस्टियनच्याच पायाला गुंडाळलं. तो सुरी चालवत राहिला. माझ्यातली हवा सरत आली, तेव्हा कुठे पाय मोकळा झाला. वर आल्यावर त्याने रॉकीला जवळजवळ शून्यावर आलेला काटा दाखवला. रॉकीने मला त्याच्या पाठीवरून अलगद उतरवून घेतलं.

संध्याकाळी होडी बंदराला सुखरूप लावून रॉकी आमच्या घरी आला. "वैनी, मी उगाच ओरडलो."

"जेवून जा," मार्गारेट म्हणाली.

आता मार्गारेट या जगात नाही. तपासणीत माझ्या गळ्याशी चीर निघाली, म्हणून माझंही काम थांबलं. त्यांची मुलगी सँड्रा आता नवी टाकी घेऊन पाण्यात उतरते. भंगारवाला मला मागायला आला, तर सेबेस्टियनने त्याला फाटकातूनच परत पाठवलं.

मित्रांनो, उन्हातून आलेली टाकी कधी तुमच्या हाती पडली, तर आधी तिला सावली द्या, निवू द्या, मगच भरा. वर कुणीतरी थांबायला तयार असतं, म्हणून खाली गेलेला माणूस घरी येतो.