सोवळ्यातला मधुसूदन

होळी झाली, यवतमाळातल्या शाळा सकाळच्या झाल्या आणि मधुसूदनच्या घरातली शांतता संपली. त्याची बायको कुंदा मुलींच्या शाळेत मास्तरीण. एरवी ती साडेदहाला निघे, तोवर सासूबाईंचं सगळं उरकलेलं असे. सासूबाईंचा पाय मोडल्यापासून त्यांना उठवणं, न्हाऊ घालणं आणि सोवळ्यात, म्हणजे कुणाचा स्पर्श न झालेला रेशमी कद नेसून, रांधून दहाला गरम ताट वाढणं, सारं कुंदाकडे होतं. मधुसूदनकडे घड्याळाला किल्ली देणं होतं.

आता शाळा सातला. न्हाऊ घालणं पहाटे जमलं असतं, पण दहाचं ताट? पहाटे रांधलेलं सासूबाईंच्या लेखी शिळं.

"शनिवारी मोठ्या बाईंना सांगते, नोकरी सोडते म्हणून," कुंदा भाजी चिरता चिरता म्हणाली. मान वर केली नाही. रडली असती तर मधुसूदनला समजूत घालून मोकळं होता आलं असतं.

त्याचं वाचनालय दुपारी चारला उघडे. सकाळी तो काय करतो, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्यानंही नाही.

"मी रांधतो," तो म्हणाला.

"पुरुषाच्या हातचं?" खाटेवरून आवाज आला. सासूबाईंचा पाय मोडला होता, कान शाबूत होते.

"लग्नाच्या पंगतीला आचारी पुरुषच असतो की, आई."

"तो आचारी असतो. तू वाचनालयवाला."

तरी दुसऱ्या दिवशी त्यानं कद नेसला. वरण-भात केला. सासूबाईंनी नुसतं दूध घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढचे दिवसही तसेच गेले आणि शुक्रवार उजाडला.

इकडे आळीत वेगळंच शिजत होतं. मारुतीला कधी हात न जोडणारा माणूस रोज सकाळी कद नेसून विहिरीवर येतो, "शिवू नका, शिवू नका" ओरडतो. दीक्षाच घेतली असणार! शुक्रवारी शेजारच्या नंदाबाई वाटी घेऊन दारात आल्या आणि दुरूनच वाकल्या.

"मधुभाऊ, कोन्या महाराजाची दीक्षा घेतली जी? थोडासा परसाद द्या न मले."

मधुसूदनला क्षणभर बरं वाटलं. वाचनालयात लोक त्याच्याशी फक्त वर्तमानपत्रावरून भांडत. पण तो खरं बोलून गेला.

"दीक्षा कसली, नंदाबाई! कुंदा शाळेत गेली आहे, म्हणून आईसाठी रांधतो. अन् आई जेवून नाही राहिली."

"बायकोसाठी सोवळं नेसलं?"

"हो."

नंदाबाईंनी वाटी आणखी पुढे केली. "मंग तं द्याच! आमच्या घरधन्याले चाखवतो. पाहू, काही गुण येते का."

त्यानं पळी उचलली, तोच खाट करकरली.

"मध्या! घरचं माणूस उपाशी अन् वरण चाललं गावाला? आधी मला वाढ!"

सासूबाई जेवल्या. मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि नक्की किती कमी ते ठरवायला पुन्हा पुन्हा वरण मागून घेतलं. नंदाबाईंनीही वाटी भरून नेली.

कुंदा उन्हातून आली ती दारातच थबकली. "अहो, आई जेवल्या?"

"विचार तिलाच."

"उद्या मोठ्या बाईंकडे काही बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "मुकाट्यानं शिकव आणि ये. आणि ह्याला कणीक भिजवायला दाखव. रोज काय भातच खायचा?"

कुंदा होळीपासून पहिल्यांदा हसली. मधुसूदननं तिचं पान वाढलं. वरण संपलं होतं. तिनं भातावर तेल-तिखट घेतलं आणि बोटं चाटून जेवली.