रुंद नस

रक्त पातळ करायच्या गोळ्या ऋतुजाला सापडल्या त्या साखरेच्या डब्यामागं, आणि तिचं डोकंच फिरलं. पाकिटातल्या पहिल्या काही गोळ्या तेवढ्या फोडलेल्या. बाकीच्या जशाच्या तशा.

काल दुकानाच्या पायऱ्या चढताना अप्पांची छाती भरून आली, असा आईचा फोन आला म्हणून ती परभणीहून पहिल्याच गाडीनं सोनपेठला आली होती. डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, लगेच घेऊन या. आणि तिचे वडील बसवराज अप्पा माजघरात पाटावर मांडी घालून बसले होते. म्हणत होते, यायचं न्हाई.

"अगं, कशाला डोकं तापवायलीस?" शिवकांतकाका चहाची बशी फुंकत म्हणाले. "अँजिओग्राफीच्या फोटोत ब्लॉक निघाला का? न्हाई. लोकाच्या नसा चोंदतेत, दादाची तर हमरस्त्यावानी रुंद हाय. लय नशीब लागतं."

हेच काकांनी बाजारभर सांगितलं होतं. पेढे वाटले होते.

"काका, आपल्या शेतातली चारी जिथं फाकून रुंद झालीय, तिथं पाणी जोरात पळतं का?"

"तिथं कशाला पळंल? सुस्तावतंय. गाळ बसतोय."

"मग? हृदयाची नस फुगून रुंद झाली की रक्त तिथं असंच सुस्तावतं. साकळतं. त्यातली गुठळी सुटून पुढच्या बारीक नसेत अडकली, की ब्लॉक नसलेल्या माणसालाही झटका येतो. तुम्ही पेढे कशाचे वाटले?"

काकांनी बशी खाली ठेवली. मग ऋतुजा अप्पांकडं वळली. आवाज चढला तो तिला आवरेना.

"आणि तुम्ही गोळ्या लपवल्या. आईला फसवलं, मला फसवलं. का?"

अप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. मग पुटपुटले, "हिरड्यातून रक्त यायचं. सकाळी पूजेला लिंग हातावर घ्यावं, अन् तोंडात रक्ताची चव. तसल्या तोंडानं शिवाचं नाव कसं घ्यावं? तात्याराव बी म्हणले, असल्यानं देव विटाळतो."

"शेजारच्या तात्यारावांना विचारलंत. डॉक्टरला नाही. रक्त येतं एवढं सांगितलं असतं तर त्यांनी तपासून मात्रा बदलली असती. आपल्या मनानं बंद करायला ती काय खोकल्याची गोळी आहे?"

"तू नास्तिक झालीस शिकून. तुला न्हाई कळायचं."

ऋतुजा तोंड उघडणार, तेवढ्यात चुलीपाशी बसलेली तिची आई, महादेवी, उठली. तिच्या हाताला पीठ होतं.

"मला तर कळतंय न्हवं? लग्न होऊन आले तवा महिन्याच्या अडचणीत मी पूजेला बसंना. माहेरच्या शेजारणींचं बघून भ्यायले हुते. तवा कोण रागावलं माझ्यावर? लिंगायताला सुतक न्हाई, विटाळ न्हाई, लिंग अंगावर हाय तवर बाई शुद्धच, कोण म्हणलं?"

महादेवी अप्पांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"माझं रक्त चाललं तुमच्या देवाला. तुमचं तेवढं चालंना व्हय?" ती दबक्या आवाजात म्हणाली, "का मला नुसतंच शिकवलं हुतं?"

बाहेर ऋतुजानं बोलावलेला जीपवाला हॉर्न देत होता.

अप्पा उठले. उठताना त्यांनी छातीवर हात दाबला, ते सगळ्यांनी पाहिलं. "पूजा राहिली आजची," ते म्हणाले.

"गाडीत करा," महादेवी म्हणाली. "गळ्यातच तर हाय."

जीप परभणीच्या रस्त्याला लागली. मागच्या बाकावर अप्पांनी डाव्या तळहातावर लिंग घेतलं आणि डोळे मिटले. खड्डा आला की महादेवी त्यांचा हात खालून धरायची. ऋतुजा पुढं बसली होती. गोळ्यांचं पाकीट तिच्या मुठीत चुरगळलं होतं. बाप वाचावा म्हणून जीव कासावीस होत होता, आणि तरी तिला त्याच्याशी एक शब्द बोलायचा नव्हता.