नारळाचा पोचा

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. रस्त्यात पाहिलंत तर तुम्हाला तसं वाटायचं नाही. लालभडक रंग, बॉनेटपासून डिकीपर्यंत गेलेले दोन काळे पट्टे, रुंद टायर आणि सुरू झाले की गल्लीतली कुत्री भुंकायला लागतील असा आवाज. खरं सांगू? यातलं जवळजवळ काहीच माझं नाही. माझं म्हणावं असं जे आहे ते बॉनेटखाली आहे, आणि एके दिवशी माझं सगळं नशीब त्याच्यावरच येऊन अडलं होतं.

माझा जन्म मेलबर्नजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथून त्या काळी एकाच साच्यातल्या दोन बहिणी बाहेर पडत. एक आठ सिलिंडरची, शर्यतीत धावणारी, जिची चित्रं मुलं आपल्या खोलीत लावत. दुसरी सहा सिलिंडरची, घरगुती, शाळा-बाजार करणारी. मी दुसरी. माझा रंग आकाशी होता. मला माझी कधी लाज वाटली नाही हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लोकांनाच माझी लाज वाटली.

मला घरी नेलं ते शांताराम आणि नलिनी यांनी. दोघं नुकतीच पुण्याहून आलेली. शांताराम डँडेनॉन्गच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. नवी गाडी दारात आली आणि पूजा नाही, हे नलिनीला पटणं शक्यच नव्हतं. कुंकू तिने पुण्याहून आणलेलं होतं, लिंबं शेजारणीच्या झाडाची मिळाली, नारळ बाजारात हिंडून हिंडून शोधला. तिने माझ्या कपाळावर स्वस्तिक काढलं आणि चाकांखाली लिंबं ठेवली. आता नारळ फोडायचा कुठे? घर भाड्याचं, दारातलं काँक्रीट घरमालकाचं, बाकी सगळीकडे कापलेली हिरवळ. दगड म्हणून औषधालाही नाही. कुंपणापलीकडून शेजारी टक लावून बघत होते. शांताराम घाईला आले. त्यांनी माझं बॉनेट उघडलं आणि समोरच्या लोखंडी पट्टीवरच नारळ आपटला!

पहिल्या फटक्याने नारळ फुटला नाही. दुसऱ्याने फुटला, आणि मीही चेपले. सरळ पट्टीत एक लहान आणि एक वाटीएवढा असे दोन पोचे पडले.

"अहो, पूजा गाडीची आणि पोचा पण गाडीलाच!" नलिनी ओरडली.

"बॉनेट लावलं की कोणाला दिसतंय?" शांताराम म्हणाले आणि त्यांनी बॉनेट धाडकन लावून टाकलं.

हे वाक्य त्या घरात पुढे वर्षानुवर्षं चाललं. पोळी करपली, शर्टाचं बटण तुटलं, चारुताला गणितात कमी मार्क पडले, की कोणीतरी म्हणायचंच, बॉनेट लावलं की कोणाला दिसतंय! चारुता ही त्यांची मुलगी. ती माझ्या मागच्या सीटवर लहानाची मोठी झाली. दर दसऱ्याला ती हट्टाने बॉनेट उघडायला लावायची आणि त्या वाटीत बोट फिरवून बघायची. मला गुदगुल्या व्हायच्या.

पुढे शांतारामांना कारखान्याची गाडी मिळाली आणि मी विकली गेले. बॅलराटजवळच्या एका शेतकऱ्याने मला नेलं. जाताना शांतारामांनी माझ्या टपावर नुसता हात ठेवला. चारुता घराबाहेर आलीच नाही. शेतकरी माणूस चांगला होता. मी गवताचे भारे वाहिले, कुत्री वाहिली, आणि थकले तेव्हा त्याने मला शेडमध्ये ठेवून दिलं. तिथे कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालायच्या. वाईट वाटायचं, पण मी मी नाहीच, असं तरी निदान कोणी म्हणत नव्हतं.

ते म्हणणारा आला, तो त्याचा पुतण्या क्रेग. काका वारला आणि मी क्रेगच्या हातात पडले. त्याने माझं इंजिन काढून दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं आठ सिलिंडरचं बसवलं. अंगावर पुट्टी चढवली, लाल रंग मारला, पट्टे ओढले. शेवटी त्या इंजिनाचा नंबर कोरलेली एक नवी पट्टी माझ्यावर ठोकली आणि मला माझ्या शर्यतीतल्या बहिणीचं नाव दिलं. मला कोणी विचारलं नाही.

तेवढ्यात करोनाची साथ आली. माणसं घराबाहेर पडेनात. मेलबर्नमध्ये तर काही किलोमीटरच्या पलीकडे जायलाही बंदी होती. लोक घरी बसून फोनवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघत, आणि क्रेगने माझी जाहिरात टाकली.

लॉकडाऊन उठला त्या आठवड्यात एक जोडपं मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीहून बॅलराटला आलं. दोघांच्याही तोंडावर मास्क. पण त्या बाईने दारातून आत पाऊल टाकलं आणि मी ओळखलं. चारुता होती! केस पांढरे व्हायला लागलेले, पण चालताना डावा खांदा तसाच पुढे.

तिने क्रेगला सांगितलं, "तुमच्या काकांनी माझ्या बाबांची गाडी घेतली होती. आकाशी, सिक्स सिलिंडर. त्यांचं आडनाव माझ्या लक्षात होतं, तेच जाहिरातीत दिसलं. बाबा आता डँडेनॉन्गला वृद्धांच्या एज्ड केअर होममध्ये आहेत. फार विसरतात. आम्हाला आत सोडत नाहीत, काचेतून भेटावं लागतं. आई जाऊन सहा वर्षं झाली, ते त्यांच्या लक्षात नसतं. पण रोज विचारतात, गाडी कुठे लावलीस म्हणून. मला ती त्यांच्या खिडकीसमोर न्यायचीय."

क्रेगने माझ्याकडे एक नजर टाकली. मग म्हणाला, "सॉरी, मेट. काकाची ती निळी गाडी केव्हाच भंगारात गेली. ही वेगळी आहे. अस्सल व्ही एट, आठ सिलिंडरची. दुपारी जिलाँगचा एक जण येतोय हिला न्यायला."

मी भंगारात गेले! माझ्याच डोळ्यांदेखत मला मेलेली ठरवलं, आणि मला तोंड नाही. चारुता चार हातांवर उभी होती आणि मी तिला हाक मारू शकत नव्हते. मित्रांनो, कोंबड्यांच्या घाणीतही मला इतकं असहाय वाटलं नव्हतं.

तिचा नवरा हृषिकेश मात्र लगेच परत फिरायला तयार नव्हता. लॉकडाऊनमध्ये कोणी पाव भाजायला शिकलं, हा जुन्या गाड्या पारखायला शिकला होता. "चारू, सोपं आहे," तो हळूच म्हणाला. "ही अस्सल निघाली तर बाबांची नाही. नकली निघाली तर बाबांची असू शकते. बघून घेतो."

त्याने खिशातून फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट काढला, रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात गुंडाळला आणि माझ्या अंगावरून फिरवू लागला. पत्रा असेल तिथे मॅग्नेट चिकटतो, पुट्टी असेल तिथे सुटतो. एरवी मला पुट्टीचा तिटकारा. त्या दिवशी मी मनातल्या मनात म्हणत होते, सूट रे बाबा, कुठेतरी सूट! पण दारांवर तो चिकटला, टपावर चिकटला. क्रेगने तिथे पुट्टी अगदी पातळ ओढली होती, काम झकास केलं होतं.

मग हृषिकेशने बॉनेट उघडलं. "ही नंबरची पट्टी नवीन रिव्हेटनी ठोकलेली आहे."

"रंगकामाला काढली होती," क्रेग म्हणाला. "सगळेच काढतात."

हृषिकेशने टॉर्च मारून इंजिनावरचा नंबर वाचला, मग पट्टीवरचा वाचला. दोन्ही जुळले. जुळणारच, क्रेगने जुळवलेच होते. हृषिकेशचे खांदे पडले.

"जुळतंय गं. अस्सलच दिसतेय. म्हणजे आपली नाही." तो थोडा थांबला. "तरी घेऊया का? मॉडेल तेच आहे. निळा रंग देऊ. काचेपलीकडून बाबांना काय कळणार?"

"त्यांना नाही कळलं तरी मला कळेल ना," चारुता म्हणाली. "चल. जाऊया."

तेवढ्यात क्रेगचा फोन वाजला. जिलाँगचा माणूस निघाला होता. क्रेगने फोन कानाला लावूनच दुसरा हात माझ्या बॉनेटकडे नेला. आता ते बंद होणार होतं, आणि त्याबरोबर सगळंच. चारुता आपल्या गाडीच्या किल्ल्या चाचपत वळली होती. लहानपणी ती जिथे बोट फिरवायची त्या माझ्या समोरच्या लोखंडी पट्टीकडे तिची नुसती नजर गेली, आणि ती थबकली.

"थांब! बॉनेट लावू नकोस."

तिने हृषिकेशच्या हातून मॅग्नेट ओढून घेतला आणि त्या लोखंडी पट्टीवर अगदी मधोमध ठेवला. गणपती सुटला आणि खाली पडला. बाजूला ठेवला, चिकटला. पुन्हा मधे ठेवला, पुन्हा पडला.

"थोडा गंज होता तिथे," क्रेग घाईघाईने म्हणाला.

चारुताने बाही कोपरापर्यंत सरकवली आणि पट्टीच्या मागून हात घातला. क्रेगने पुढून पुट्टी भरून सगळं सपाट केलं होतं, पण मागून कोण बघतंय म्हणून तसंच सोडलं होतं. तिची बोटं चाचपत आली, तेल लागलं, काहीतरी खरचटलं. आणि मग ती बोटं मागे आलेल्या फुगवट्याशी पोचली. मला गुदगुल्या झाल्या. किती वर्षांनी!

"हृषी, वाटी आहे इथे," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "आणि शेजारी ती लहान. पहिल्या फटक्याची. नारळ पहिल्याने फुटला नव्हता."

"वाटी?" क्रेगने विचारलं. हृषिकेशने त्याला नारळाची गोष्ट सांगितली. क्रेगने फोन खिशात टाकला आणि तो पालथ्या बादलीवर बसला.

"काकाने शेवटपर्यंत विकली नाही तिला," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पण घरगुती निळी गाडी बघायला कोण येतं? अस्सल म्हटलं की फोन वाजायला लागतात."

"त्या जिलाँगवाल्याला आत्ता फोन कर," चारुता डोळे पुसत म्हणाली. "त्याला खरं सांग. मग आपण बोलू. मला नकलीच हवीय."

क्रेगने फोन केला. माझ्यावरची ती खोटी नंबरची पट्टीही त्याने स्वतःच्या हाताने काढली.

पुढच्या आठवड्यात मी डँडेनॉन्गला, शांतारामांच्या खिडकीसमोरच्या हिरवळीकाठी उभी राहिले. नर्सने त्यांची खुर्ची काचेशी आणली आणि फोन त्यांच्या कानाला लावला. किती लहान झाले होते! बाहेर चारुताने आपला फोन स्पीकरवर टाकला.

"ही कोणाची गाडी?" त्यांनी विचारलं.

"आपली, बाबा."

"छे! आपली आकाशी. ही कुणा टवाळाची दिसतेय."

ते बरोबरच बोलत होते, आणि तरी मी खट्टू झाले. माझी ओळख मला परत मिळाली होती, पण ज्यांच्यासाठी ती हवी होती त्यांना मी परकीच होते. हृषिकेशने पुढे होऊन बॉनेट उघडलं. पट्टीवरची पुट्टी त्याने आदल्या दिवशी खरवडून काढली होती. उघडा पत्रा, एक लहान पोचा, एक मोठा.

शांताराम पुढे वाकले. कपाळ काचेला टेकलं. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून फोनमध्ये विचारलं,

"नलिनी अजून रागावलीय का गं?"

चारुताने फोन तोंडाजवळ धरला. "नाही, बाबा. नाही रागावली."

"मग बॉनेट लाव," ते म्हणाले आणि गालातल्या गालात हसले. "कोणाला दिसतंय!"

मित्रांनो, आता मला पुन्हा आकाशी रंग देणार आहेत. पोच्यांच्या त्या पट्टीला मात्र हात लावायचा नाही, असं चारुताने गॅरेजवाल्याला बजावून ठेवलं आहे. तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल. तिला जरूर दुरुस्त करा, पुसा, रंगवा, आम्हाला ते आवडतं. पण नव्यासारखी करायला घ्याल तेव्हा आधी घरातल्या माणसांना विचारा, हिच्यातलं काय तसंच ठेवायचं. आम्हाला सांगता येत नाही हो.