गठ्ठा म्हणजे पंचवीस

इस्पितळाच्या कपडाखोलीत बाईंची बावीस वर्षं गेली होती. कुठल्या वॉर्डात किती चादरी जातात हे त्यांना तोंडपाठ. पण नव्या अधीक्षकांना तोंडी हिशेब चालेना. "अकरापर्यंत वर्षाचा तक्ता द्या. सगळ्यात जास्त नेणाऱ्याच्या चादरी निम्म्या करतो."

नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या सुनेने बाईंना सकाळीच शिकवलं होतं: संगणकातल्या नोंदींच्या दोन हजार ओळी निवडायच्या, वॉर्डवार बेरीज करून देणारं पिव्हट टेबल घ्यायचं, 'वॉर्ड' एका चौकोनात ओढायचा, 'चादरी' दुसऱ्या.

बाईंनी देवाचं नाव घेऊन ओढलं. सगळ्यात मोठा आकडा बालवॉर्डाचा, सहाशे बारा!

तापाने भिजलेली लेकरं, आणि त्यांच्याच चादरी निम्म्या? त्यांनी सुनेला फोन लावला.

"अगं, तुझ्या पिव्हटने घात केला!"

"माझ्या? ओढलं तुम्ही, आई." सून धापा टाकत आली आणि पडद्यावर बोट ठेवून थांबली. "हे बघा, इथे 'काउंट' आहे. यानं चादरी नाही, नोंदी मोजल्यात. बालवॉर्डाची नर्स एकेक चादर मागते, म्हणून तिच्या ओळी जास्त."

"मग बेरीज का नाही केली मेल्याने?"

"काही ओळींत आकड्याच्या जागी तुम्ही 'गठ्ठा' लिहिलाय."

"गठ्ठा म्हणजे पंचवीस. एवढंही कळत नाही त्याला?"

"तो काय आपल्या घरचा आहे, आई?"

दोघींना हसू आवरेना. सुनेने सगळ्या 'गठ्ठा'च्या जागी पंचवीस घातले आणि म्हणाली, "आता तुम्ही." बाईंनी तक्ता ताजा केला, काउंट काढून बेरीज निवडली. बालवॉर्ड पाचव्या नंबरावर उतरला. मघाशी चोपन्न नोंदींवर तळाशी निवांत बसलेली पाहुण्यांची खोली वर आली: तेराशे पन्नास! तिथले साहेब लोक गठ्ठ्याखाली बोलतच नसत.

अधीक्षकांनी तक्ता दोनदा वाचला. पाहुण्यांच्या मागणीवर सही त्यांचीच असे. चष्मा पुसत म्हणाले, "हं. पाहुण्यांच्या निम्म्या करा."

बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. देवा, राखलीस रे लेकरं! भजन गुणगुणत त्या खोलीत आल्या, तोच फोन वाजला. बालवॉर्डाची नर्स होती.

"बाई, एक चादर हवी होती."

"दोन ने गं, बाळे."

आणि नोंदीत 'जोडी' लिहायला गेलेला हात मागे घेऊन बाईंनी दोनचा आकडा घातला.