तीन आणि सात नंबरचे पिंजरे

१९६१ सालच्या मे महिन्यात वांकायोच्या इस्पितळामागच्या खोलीत काही गिनीपिग मरायला हवे होते, आणि ते मेले नाहीत.

गिनीपिगांना तिथे सगळे कुई म्हणतात. ओरडतात तसंच नाव. डोंगरातल्या घरोघरी ते चुलीच्या आसपास फिरत असतात आणि सणाला ताटात येतात. पण या खोलीतले कुई खाण्यासाठी नव्हते. डॉक्टर ओतीलिया आपोलायाने ते प्रयोगासाठी पाळले होते. ही बाई जवळच्याच हाउहा गावची. समुद्रकाठच्या राजधानीत, लिमात, शिकली, प्राण्यांच्या शरीरशास्त्रात तिथे तिने नाव काढलं आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर एक प्रश्न घेऊन पुन्हा वर डोंगरात आली.

प्रश्न साधा होता. किरणांनी गाठ जाळायची तर किरणांना प्राणवायूची साथ लागते. रक्तात प्राणवायू कमी असला की त्यांचा मार सौम्य बसतो, एवढं तेव्हा ठाऊक झालं होतं. मग जिथे हवाच विरळ, तिथल्या जिवांवर हेच किरण कसे चालतात? लिमाच्या पुस्तकातली मात्रा वांकायोच्या आजारी बायकांना पुरते की नाही?

त्यासाठी दहा पिंजरे, प्रत्येकात दहा कुई. मार्चमध्ये एका मंगळवारी सगळ्यांना सारखीच मात्रा दिली आणि महिनाभर वाट पाहिली. आठ पिंजऱ्यांत दहातले सहा-सात गेले. तीन आणि सात नंबरमध्ये मिळून एकच गेला. ओतीलियाला वाटलं, योगायोग असेल. तिने नवे कुई आणून एप्रिलमध्ये सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. तीन आणि सातमधले कुई गवत चघळत तिच्याकडे टकमका बघत होते.

लिमाहून तिचे वरिष्ठ डॉक्टर आन्सेल्मो यांचं पत्र आलं. माणूस कोरडा, पण खोटं न बोलणारा. त्यांनी लिहिलं होतं की दहातले दोन पिंजरे ऐकत नसतील तर तो प्रयोग नव्हे. जूनअखेर कारण सापडलं नाही तर खोली इस्पितळाला परत द्यावी आणि ओतीलियाने लिमात येऊन विद्यार्थ्यांना बेडूक शिकवावेत. तीन वर्षांची मेहनत त्या एका कागदावर येऊन थांबली.

तिने आधी यंत्रावर संशय घेतला. यंत्र चालवायचा एवारिस्तो लासो, रेल्वेतला जुना तारवाला. रोज सकाळी तो माणसांना किरण द्यायचा आणि मंगळवारी, त्यांच्याही आधी, जनावरांना. ओतीलियाने त्याच्याकडून मात्रा अकरा वेळा मोजून घेतली. अकराही वेळा तीच. बाराव्यांदा सांगितल्यावर तो म्हणाला, की डॉक्टरबाई, आता मलाच यंत्राखाली झोपवा, म्हणजे खात्री पटेल. मग दाणा तपासला, पाणी तपासलं, नर-माद्या मोजल्या. हे दोन पिंजरे दाराजवळ होते, म्हणून एवारिस्तो तेच आधी उचलून न्यायचा, एवढा एकच फरक सापडला. आणि त्याने काय बिघडतं ते कळेना.

एवारिस्तोने सोपा मार्ग सुचवला. दोन्ही पिंजरे वहीतून काढून टाकावेत. आठांचा हिशोब छान जुळत होता. लिमात कोण मोजायला येणार होतं? ओतीलिया दोन दिवस त्यावर विचार करत राहिली, हे तिने पुढे कधी लपवलं नाही. पण वहीत रेघ मारायला घेतली की तिला ते गवत चघळणारे कुई आठवत. ते का जगले, हे कळल्याशिवाय तिला बेडूकसुद्धा नीट शिकवता आले नसते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, बादलीतलं पाणी गोठलेल्या एका सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर खोलीत आली. तीन नंबरमधला एक तांबूस कुई उचलून तिने उबेसाठी गालाशी धरला आणि तशीच उभी राहिली. त्याच्या केसांना निलगिरीच्या लाकडाच्या धुराचा वास येत होता. तिच्या आईच्या स्वयंपाकघराचा वास. लहानपणी हाउहाला ती चुलीपाशी आईच्या घागऱ्याला टेकून बसायची, तेव्हा कपडे, केस, भाकरी, सगळ्याला हाच वास असायचा. या खोलीत तर चूल नव्हती. विजेची एक शेगडी होती, तीही अर्धा वेळ बंद.

तिने एकेक पिंजरा हुंगला. एक, दोन, चार, पाच, सगळ्यांना फक्त गवताचा आणि मुताचा वास. धूर होता तो तीनला आणि सातला.

जनावरांची देखभाल फोर्तुनाता कांगावाला करायची, मानाने सगळे तिला दोन्या, म्हणजे बाई, म्हणत. साठीची, ठेंगणी, दोन वेण्या आणि तोंडाने फटकळ. सणाच्या दिवसांत एवारिस्तो तिला चिडवायचा, की डॉक्टरबाईंचे कुई तळून खाऊ नकोस. ती उत्तर द्यायची की किरण लागलेला कुई मी तुझ्या सासूलाही वाढणार नाही. त्या सकाळी मात्र ती आत आली, ओतीलियाच्या हातातला कुई पाहिला आणि दारातच थांबली.

"दोन्या फोर्तुनाता, हे रात्री कुठे असतात?"

म्हातारीने पाठीवरची विणलेली चादर सोडली, घडी घातली, पुन्हा उलगडली. मग म्हणाली, "दाराच्या फटीतून वारा येतो, डॉक्टरबाई. बाकीचे आत आहेत, त्यांचं चालतं. या वीस जणांचे कान सकाळी बर्फासारखे असायचे. मी त्यांना चादरीत घालून घरी नेते. चुलीजवळ झोपतात, सकाळी तुमच्याआधी परत आणते."

"रोज?"

"गारठा असेल तेव्हा. म्हणजे रोजच. कुईने स्वयंपाकघरातच राहायचं असतं, माझी आई, तिची आई, सगळ्यांकडे तिथेच राहिले. तुमच्या पुस्तकात थंड खोली लिहिली असेल तर पुस्तक लिहिणाऱ्याने एक रात्र इथे झोपून दाखवावं." आणि मग हलकेच विचारलं, "मी आता जाऊ का घरी? कायमची?"

ओतीलियाने कुई पिंजऱ्यात परत ठेवला. तिने विचारलं एवढंच, की आज संध्याकाळी मीसुद्धा तुमच्या चुलीपाशी बसू का.

त्या संध्याकाळी ती फोर्तुनाताच्या घरी जमिनीवर बसली, कुई असतात त्या उंचीला. धुराडं नव्हतं. धूर छपराला जाऊन थांबायचा आणि हळूहळू खाली उतरायचा. बटाट्याचं सार उकळत होतं. तासाभरात तिचं डोकं जड झालं, आणि तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं. धुरातल्या विषारी वायूने प्राणवायूची जागा बळकावली की रक्तात प्राणवायू उरतोच कमी. आधीच विरळ हवा, त्यात रात्रभर हा धूर, आणि सकाळी चुलीपासून थेट यंत्राखाली. किरणांना साथ द्यायला त्या वीस कुईंकडे प्राणवायू नव्हता, म्हणून ते वाचले.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या रक्ताच्या थेंबांत क्षार घालून पाहिला. आतल्या पिंजऱ्यांतलं रक्त लगेच हिरवट तपकिरी झालं. रात्री चुलीपाशीच झोपलेल्या तीन आणि सातचं बराच वेळ लालच राहिलं, रक्तात धुराचा वायू असल्याची ती खूण. फोर्तुनाता आणि एवारिस्तो दोघंही वाकून बघत होते. बघता बघता फोर्तुनाता म्हणाली, "मग माझ्या कासिमिराचं काय?"

कासिमिरा तिची नणंद. तिच्या गर्भाशयात गाठ होती आणि पाच आठवडे किरण घेऊनही ती हलत नव्हती. बाजारात कासिमिराचं साराचं दुकान होतं. पहाटे चारपासून ती चुलीपुढे बसायची आणि आठ वाजता, डोळे चोळत, यंत्राखाली येऊन झोपायची.

एवारिस्तो म्हणाला, की तिच्यानंतर येणारीही बाजारातलीच, आणि तिच्यानंतरचीही.

ओतीलियाने कासिमिराला त्याच दिवशी इस्पितळात ठेवून घेतलं. दुकान तिच्या लेकीने सांभाळलं. पुढचे चार आठवडे कासिमिरा चुलीपासून दूर राहिली आणि रोज कुरकुरली, की इथे जेवणाला वास नाही आणि झोपेला ऊब नाही.

लिमाला काय कळवावं, हा प्रश्न मात्र उरलाच होता. प्रयोगाचे प्राणी देखभाल करणारीच्या घरी झोपत होते, हे वाचून तिथे हसणार हे उघड होतं, आणि खोली जाईल हेही. ओतीलियाने काही सजवलं नाही. लिहिलं, की तीन आणि सात नंबरच्या पिंजऱ्यांतले कुई चुलीपाशी झोपत होते. हे मला माहीत असायला हवं होतं आणि नव्हतं. आणि या जिल्ह्यात किरण घेणाऱ्या जवळजवळ सगळ्या बाया तशाच चुलीपाशी झोपतात. खाली रक्ताचे आकडे दिले.

जूनच्या शेवटच्या शनिवारी उत्तर आलं. त्यात एकच ओळ होती. "तुम्हाला आणखी किती चुली लागतील?"

तिला बेचाळीस लागल्या. पुढची बावीस वर्षं ती वांकायोतच राहिली. दारोदार जाऊन चुलीपाशी बसायची, रक्ताचा थेंब घ्यायची, सार प्यायची. उंचीच्या हवेचं काय, या तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिला शेवटपर्यंत अर्धंच सापडलं, पण किरण घेणाऱ्या बाईने आधीचे तीन दिवस चुलीपुढे बसायचं नाही, हा नियम त्या इस्पितळाच्या भिंतीवर लागला तो लागलाच. निवृत्त झाल्यावर ती हाउहाला परतली आणि तिथेच, थंडीच्या दिवसांत गेली.

कासिमिराची गाठ ऑगस्टमध्ये आकसली. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, असं ओतीलियाने स्वतःच वहीत लिहून ठेवलं. कासिमिरा त्यानंतर चौदा वर्षं सार विकत होती, आणि ओतीलिया दुकानावर आली की तिच्या वाडग्यात न विचारता दुसरा बटाटा टाकायची.

एवारिस्तो यंत्र बदललं तेव्हा निवृत्त झाला. नवं यंत्र त्याला कधी आवडलं नाही. डॉक्टर आन्सेल्मो एकदाच वर आले, उंचीने आजारी पडले आणि फोर्तुनाताने दिलेला कोकाच्या पानांचा काढा पिऊन दुसऱ्या दिवशी परत गेले.

फोर्तुनाता नव्वदीपर्यंत जगली. ओतीलियाने लिमाच्या छापील अहवालात तिचं नाव आभारात घातलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून एवारिस्तोने वाचून दाखवलं. तिने दोनदा ऐकलं आणि विचारलं, कुईंचे आभार कुठे आहेत. मग ओतीलियाने तिच्या घराला धुराडं बसवून दिलं तेव्हा ती आठ दिवस रुसली. चुलीपाशी आता बसवतच नाही, म्हणायची, सगळा वास निघून जातो. पण कुईंना घरी नेणं बंद झालं त्या वर्षापासून दाराजवळच्या पिंजऱ्यांवर मात्र तिने आपली जुनी चादर घातली, आणि ती काढायला तिला कोणी कधी सांगितलं नाही.