जोडीतलं दुसरं यंत्र

डॉक्टर दातांचे होते, पण त्यांचा जीव लोखंडात अडकला होता. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पेशंट ज्या बाकावर बसत तो एका बंद पडलेल्या स्टेशनवरून आला होता. आतल्या खोलीत चूळ भरायच्या भांड्याच्या बरोबर वर, पांढऱ्या इनॅमलवर निळ्या अक्षरांत ‘येथे थुंकू नये’ ही जुनी पाटी होती. बरेच पेशंट तोंड गच्च भरून डॉक्टरांकडे केविलवाणे बघत राहत. ‘‘थुंका, थुंका, ती पाटी ऐतिहासिक आहे,’’ असं डॉक्टरांना दिवसातून कितीतरी वेळा सांगावं लागे.

पण पाट्या, कंदील, शिट्ट्या हे सगळं एकीकडे आणि बाहेरच्या खोलीतलं ते यंत्र एकीकडे. माणसाच्या छातीएवढं उंच, लाल रंगाचं, वर पितळी घंटा, पुढे पितळी मूठ आणि पोटात लोखंडी गोळे. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून पूर्वी अशी यंत्रं जोडीनं बसवत, एक या स्टेशनवर, एक पुढच्या. तिकडच्या मास्तरानं तारेतून संमती दिल्याशिवाय इकडचं यंत्र गोळा सोडत नसे, आणि गोळा हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. एक गोळा बाहेर असला की दोन्ही यंत्रं कुलूपबंद. डॉक्टर हे सांगताना गहिवरत. ‘‘माणूस खोटं बोलेल, हे यंत्र बोलणार नाही,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते ऐकताना पेशंटच्या तोंडात सहसा कापूस असल्यामुळे त्याला कुणी हरकत घेतली नव्हती.

हे यंत्र शाखामार्गाच्या अगदी टोकाच्या स्टेशनवरचं. त्या मार्गावर एकच गाडी ये-जा करायला लागल्यावर त्याची गरज संपली, ते भंगारात निघालं आणि डॉक्टरांनी ते उचललं. दात साफ करायच्या आकड्यांनी त्यांनी त्याच्या फटीफटीतलं किटण काढलं, सांध्यांना तेल दिलं, तारा बदलल्या. आता ते नव्यासारखं चालत होतं. म्हणजे चाललं असतं. कारण जोडीतलं दुसरं यंत्र शाखामार्गाच्या अलीकडच्या टोकाला, जंक्शनवर मास्तरांच्या खोलीत धूळ खात उभं होतं, आणि त्याच्या संमतीशिवाय डॉक्टरांचं यंत्र ढिम्म हलत नव्हतं.

त्या दुसऱ्या यंत्रासाठी डॉक्टरांनी घरात जागा करून ठेवली होती. जागा झोपण्याच्या खोलीत होती. भिंतीला भोक पाडून तारही ओढून झाली होती.

‘‘म्हणजे मला सकाळी खोलीतून बाहेर यायचं तर तुम्ही बाहेरून संमती देणार?’’ बायकोनं विचारलं होतं.

‘‘आणि मला आत यायचं तर तू देणार. किती सोपं आहे बघ.’’

‘‘ती आत्ताही लागते. त्याला एवढं लोखंड कशाला हवं?’’

अशात बातमी आली की शाखामार्ग बंद होणार. डॉक्टरांच्या हातून त्या दिवशी एका पेशंटची भलतीच दाढ कोरली गेली असती, पण मदतनीस ताईंनी वेळीच खाकरून सावध केलं.

या ताई रोज त्याच गाडीनं टोकाच्या गावाहून यायच्या. दवाखाना उघडणं, पेशंटना धीर देणं, डॉक्टरांच्या पाट्या पुसणं, सगळं त्यांच्याकडे. ‘‘गाडी गेली तर माझं काम गेलं, डॉक्टर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘रस्त्यानं वळसा घालून यायचं म्हणजे इथे पोचेपर्यंत परत निघायची वेळ व्हायची.’’

‘‘जाऊ देणार नाही!’’ डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले. ‘‘आमचं मंडळ लढेल.’’

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांना जरा कसंसंच झालं, कारण हात आपटताना त्यांच्या मनात गाडी नव्हती. मार्ग बंद झाला की जंक्शनवरच्या त्या खोलीतलं सामान लिलावात निघणार, हे होतं.

रेल्वेप्रेमी मंडळ लढलं, यात शंका नाही. पण मंडळाची एक जुनी रीत होती. एखादं स्टेशन बंद व्हायच्या वाटेवर असलं की सगळे सभासद तिथे निरोपाला जायचे, आणि ज्याला जी वस्तू हवी असेल तिच्यावर तो तळवा ठेवून उभा राहायचा. ज्याचा तळवा आधी, त्याची वस्तू. पुढे लिलावात बाकीच्यांनी तिच्यावर बोली लावायची नाही. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मंडळात एवढा एकच नियम काटेकोर पाळला जाई. वर्गणीचा नियम लिहिलेला होता, तो कुणी पाळत नसे.

तेव्हा ‘मार्ग वाचवा’ म्हणून मंडळानं जंक्शनवर जी सभा घेतली, तिला हजेरी अभूतपूर्व होती. अध्यक्ष या नात्यानं डॉक्टर मास्तरांच्या खोलीच्या दारातून बोलत होते आणि त्यांचा डावा तळवा आत, यंत्राच्या पितळी घंटेवर होता. वकील फलाटावरच्या मोठ्या घड्याळाखाली शिडी लावून वर चढून बसले होते. डॉक्टरांचे हे जुने मित्र आणि त्याहून जुने प्रतिस्पर्धी. वर बसल्याचं कारण विचारलं तर ‘‘वरून आवाज नीट ऐकू येतो’’ म्हणाले. कुणी बाकाला बिलगलं होतं, कुणी वजनकाट्याला. एक आजोबा तर ‘स्त्रिया’ लिहिलेल्या पाटीवर हात ठेवून उभे होते आणि आतबाहेर करणाऱ्या बायका त्यांना टोमणे मारत होत्या.

‘‘ही केवळ गाडी नाही,’’ डॉक्टर भरल्या गळ्यानं म्हणाले, ‘‘ही आपली रक्तवाहिनी आहे!’’

वर्तमानपत्रात फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘स्टेशनच्या वस्तूंना कवटाळून रेल्वेप्रेमींचा आक्रोश’. तो फोटो एवढा गाजला की रेल्वेच्या मोठ्या साहेबांना स्वतः येऊन लोकांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागलं. असं काही होईल, याचा मंडळानं विचारच केला नव्हता.

साहेब आले ते मास्तरांच्या खोलीतच बसले. मंडळ, टोकाच्या गावचे लोक, ताई, डॉक्टरांची बायकोसुद्धा, सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. साहेब शांत आवाजात, मुद्द्याचं बोलणारे होते.

‘‘एका गाडीवर हा मार्ग परवडत नाही. दुसरी गाडी सोडली तर परवडेल, उतारूही आहेत. पण एकेरी मार्गावर दोन गाड्या सोडायच्या तर हे यंत्र लागतं.’’ त्यांनी बसल्या जागेवरून यंत्राकडे बोट केलं. डॉक्टरांचा तळवा आपोआप त्यावर गेला. ‘‘आणि याची जोड भंगारात गेली. आता वितळून तिचे खिळे झाले असतील. नवीन यंत्रणा या छोट्या मार्गासाठी मंजूर होणार नाही. तेव्हा माफ करा, मार्ग बंद.’’

खोलीत सुस्कारा पसरला. टोकाच्या गावच्या लोकांचा सुस्कारा दुःखाचा होता. मंडळाचाही बराचसा तसाच ऐकू आला.

‘‘साहेब,’’ मागून ताईंचा आवाज आला, ‘‘खिळे नाही झाले. ते यंत्र आमच्या दवाखान्यात आहे. मी रोज पुसते.’’

सगळ्या माना डॉक्टरांकडे वळल्या. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडावर धरला, हसू दाबायला की आणखी कशाला, ते कळलं नाही.

मित्राच्या मदतीला वकील धावून आले. खरं तर घड्याळ त्यांच्याही हातचं जात होतं. ‘‘त्याचं असं आहे साहेब,’’ ते मऊ आवाजात म्हणाले, ‘‘डॉक्टरांकडे आहे ती नक्कल आहे. हौस म्हणून बनवून घेतलेली. शोभेची वस्तू. काय डॉक्टर?’’

डॉक्टरांनी फक्त मान हलवायची होती. एवढंच काम. मान हलली की मार्ग बंद, लिलाव, जोडी पूर्ण, घंटा वाजणार, गोळा पडणार. ताई डोळे विस्फारून बघत होत्या, त्यांच्याकडे न बघता डॉक्टरांनी मान हलवायला घेतली आणि ती अर्ध्यापर्यंत आलीसुद्धा.

‘‘वाटलंच मला,’’ साहेब समजुतीनं हसले. ‘‘बाजारात फार झाल्यात नकला. पत्र्याच्या, वरून रंग फासलेल्या. तुमच्यासारख्या भोळ्या हौशी लोकांना गाठतात आणि अस्सल म्हणून गळ्यात मारतात.’’

अर्ध्यावर आलेली मान तिथेच थांबली.

‘‘पत्र्याची?’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘डॉक्टर...’’ वकिलांनी त्यांचा कोपर दाबला.

‘‘सोडा हो! पत्र्याची? मला गळ्यात मारली? अहो साहेब, ओतीव लोखंड आहे! चौघं लागले उचलायला! मागच्या बाजूला कारखान्याचा ठसा आहे, आणि आकडा या यंत्राच्या आकड्याच्या लगेच पुढचा आहे. जुळी भावंडं आहेत ही!’’

‘‘ठसे काय, कुणीही मारतो,’’ साहेब म्हणाले.

‘‘घ्या! मग खाच कशी मारणार?’’ डॉक्टरांनी पिशवीत हात घालून एक लोखंडी गोळा काढला. सभासमारंभाला तो बरोबर असला की त्यांना बळ येई. ‘‘प्रत्येक जोडीच्या गोळ्यांची खाच वेगळी असते. दुसऱ्या जोडीचा गोळा यात जाणारच नाही. हा माझ्या यंत्राच्या पोटातला, साफ करताना बाहेर काढलेला. नक्कल असेल तर अडकेल. बघाच आता!’’

‘‘अहो, नका!’’ हे वकील ओरडले की आपण स्वतः, ते डॉक्टरांना नंतर आठवेना.

गोळा खाचेत अलगद बसला, आत सरकला आणि यंत्राच्या पोटात कुठेतरी टण्णकन थांबला.

‘‘बघितलंत?’’ डॉक्टर घामेजून, लाल होऊन, विजयानं सगळ्यांकडे बघत म्हणाले. ‘‘अस्सल!’’

साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी यंत्राच्या तोंडात डोकावून पाहिलं. ‘‘अस्सल,’’ ते म्हणाले. ‘‘आणि चालू स्थितीत?’’

इथेही एक संधी होती. पण एकदा सुटलेली गाडी होती ती. ‘‘चालू? रेल्वेत असताना नव्हतं इतकं चालू आहे!’’

टोकाच्या गावच्या लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. टाळ्यांच्या आवाजात डॉक्टर भानावर आले आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे यंत्राची मूठ धरून गोळा परत काढायला बघितला. मूठ हलेना. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला.

‘‘नाही निघायचा,’’ बायको हळूच म्हणाली. ‘‘दुसऱ्याची संमती लागते ना? तुम्हीच सांगता सगळ्यांना.’’

वकील घड्याळाखालची शिडी खांद्यावर टाकून निघून गेले.

रेल्वेची माणसं यंत्र न्यायला आली, तेव्हा बाहेरच्या खोलीत पेशंट बसले होते. चौघांनी ते उचललं. चौघं लागतात, हे डॉक्टरांनी साहेबांना सांगितलं होतंच. जिथे ते उभं होतं तिथे फरशीचा एक चौकोन बाकीच्यापेक्षा उजळ दिसत होता. ताईंनी तो पुसला आणि त्यावर पेशंटच्या चपलांसाठी मांडणी ठेवली. त्या आता नव्या गाडीनं पूर्वीपेक्षा लवकर पोचत आणि डॉक्टरांशी इतक्या आदरानं बोलत की डॉक्टरांना ते सोसत नसे. ‘‘देवमाणूस,’’ त्या पेशंटना सांगत. देवमाणूस आत दात कोरत असे आणि कान लाल होत असत. झोपण्याच्या खोलीतल्या भिंतीचं भोक बायकोनं बुजवून घेतलं. तार मात्र राहू दिली. तिच्यावर ओले टॉवेल छान वाळत.

दुसरी गाडी सुरू झाल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी डॉक्टर टोकाच्या स्टेशनवर गेले. कुणाला न सांगता गेले होते, पण फलाटावर उतरले तर पुढच्या डब्यातून वकील उतरत होते. दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही असं दाखवलं आणि एकाच खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

तिथले मास्तर यंत्रापाशी उभे होते. त्यांनी बटण दाबलं. तिकडे जंक्शनवर कुणीतरी ऐकलं असावं, कारण क्षणभरानं घंटा वाजली. डॉक्टरांची घंटा. इतकी वर्षं त्यांनी ती घासली, चकचकीत केली, पण तिचा असा, दुसऱ्या कुणीतरी वाजवलेला आवाज त्यांनी कधीच ऐकला नव्हता. मास्तरांनी मूठ फिरवली. ती लोण्यासारखी फिरली. गोळा घरंगळत खाली आला, मास्तरांनी तो ड्रायव्हरच्या हाती दिला आणि गाडी निघून गेली.

‘‘तेल बरोबर दिलंय,’’ वकील म्हणाले.

‘‘हं,’’ डॉक्टर म्हणाले.

मास्तर झेंडी ठेवून चहाला बाहेर गेले. डॉक्टर सवयीनं दोन पावलं पुढे झाले, तळवा घंटेच्या दिशेनं निघाला, आणि तेवढ्यात त्यांना यंत्राच्या वर नवी टांगलेली पाटी दिसली. ‘हात लावू नये.’

डॉक्टर थबकले. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. रेल्वेनं कोठारातून काढून आणलेली दिसत होती. पाटी नवी टांगलेली, पण स्वतः जुनीच. पांढरं इनॅमल, निळी अक्षरं, एक कोपरा किंचित उडालेला आणि त्यातून दिसणारा काळा पत्रा. चारही स्क्रू पितळी. आणि ही शाखा आज ना उद्या पुन्हा तोट्यात येणारच होती.

त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. वकीलही वरच बघत होते.

डॉक्टरांनी एक स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि पाटीवर तळवा ठेवला.